टी४२० ठेवला, त्याची हकिकत

जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात, गोव्यात, आमच्या माशेलला पावसाने चांगलाच जोर धरला असताना, माझा लॅपटॉप सुरू व्हायला पावणेपाच मिनिटे लागली. घड्याळ समोर ठेवून वेळ मोजावी असे त्या दिवशी प्रथमच वाटले, कारण त्याच सकाळी एका जुन्या नाटकाची फाइल उघडताना पडदा गोठला होता आणि हार्ड डिस्कमधून बारीक टकटक ऐकू आली होती. तसा तो दोन वर्षांपासून मंदावत चालला होता, पण मी ते दुखणे अंगावर काढत आलो होतो. त्या टकटकीनंतर मात्र हे यंत्र ठेवायचे की नवे घ्यायचे, याचा निर्णय पुढे ढकलणे शक्य राहिले नाही. पुढचे साडेतीन महिने मी तो निर्णय घेण्यात घालवले. ज्यांच्या घरी असेच एखादे दहा-चौदा वर्षांचे यंत्र टेबलावर आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून तो सगळा क्रम येथे लिहून ठेवत आहे.

माझा लॅपटॉप म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड टी४२०, २०११ सालचे मॉडेल. मी तो २०१४ मध्ये पणजीतल्या एका दुकानातून, वापरलेला म्हणून, १६,५०० रुपयांना घेतला. कंपन्या असे लॅपटॉप तीन वर्षांच्या करारावर घेतात आणि मुदत संपली की गठ्ठ्याने परत करतात. माझाही त्यांतलाच एक. आत इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय५-२५२०एम प्रोसेसर, दोन कोअर, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि १४ इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा पडदा. कळफलक जुन्या पद्धतीचा, सात ओळींचा. २०१२ मध्ये आलेल्या टी४३० पासून ही सातवी ओळ गेली आणि कळाही चपट्या झाल्या. जो माणूस दिवसातले पाच-सहा तास टंकलेखन करतो, त्याला या फरकाचे मोल कळते.

टंकलेखन कसले, ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आमच्याकडे देवळांच्या उत्सवांत आणि जत्रांत मराठी नाटक करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पौराणिक, ऐतिहासिक, संगीत अशी कितीतरी नाटके गावातल्याच मंडळींनी लिहिली, बसवली आणि एका-दोन प्रयोगांनंतर त्यांच्या वह्या माळ्यावर गेल्या. ओल आणि वाळवी हे त्या वह्यांचे दोन वैरी. शाळेत मराठी शिकवत असताना, २००३ पासून, मी त्या वह्या मिळतील तशा आणून त्यांच्या संहिता संगणकावर उतरवू लागलो. आजवर एकसष्ट झाल्या. त्यांतल्या काही वह्या आता या जगात नाहीत; जे काही उरले आहे ते माझ्या फाइलींतच आहे.

अडचण अशी की या फाइली पेजमेकर ७ या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या आहेत आणि अक्षरे त्या काळच्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत. पेजमेकरची ही आवृत्ती २००१ ची आणि त्यानंतर नवी मोठी आवृत्ती निघालीच नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीत खुपसायचे एक कुलूप, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, लागते. ते नसेल तर कळफलक मराठी उमटवत नाही. ही सगळी जोडणी माझ्या लॅपटॉपवरच्या ३२ बिट विंडोज ७ वर व्यवस्थित चालत होती आणि म्हणूनच मी विंडोज ७ सोडत नव्हतो. त्या प्रणालीचा अधिकृत आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि क्रोम ब्राउझरची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, १०९ वी, जानेवारी २०२३ मध्ये आली. तेव्हापासून बँकेची कामे मी फोनवर करत होतो आणि लॅपटॉपवर फक्त लिहीत होतो.

माझा भाचा पर्वरीला एका कार्यालयात संगणकांची व्यवस्था पाहतो. त्याला फोन केला तेव्हा त्याच्याकडेही हाच विषय चालू होता, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार होता आणि त्यांच्या कार्यालयातले निम्मे संगणक बदलायचे होते. तो म्हणाला, "मामा, तुझ्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसणारच नाही. त्याला टीपीएम नावाची सुरक्षा-चिप २.० आवृत्तीची लागते, तुझ्यात १.२ आहे, आणि प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, तुझा दुसऱ्या पिढीचा. विंडोज १० टाकून दिलं तरी चार महिन्यांचा प्रश्न. आता नवा घे." त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. मी पणजीत जाऊन दोन दुकानांत चौकशीही केली. माझ्या कामाला पुरेसा, १६ जीबी रॅम असलेला लॅपटॉप ४३,००० रुपयांच्या पुढे जात होता. पैशांची तजवीज करता आली असती. पण दुकानात उभा असताना दोन गोष्टी मनात घोळत राहिल्या: नव्या यंत्रावर माझे पेजमेकर आणि डोंगल चालेल याची हमी कोणी देत नव्हते, आणि दाखवलेल्या तीनपैकी दोन लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली होती, म्हणजे ती पुढे वाढवण्याची सोय नव्हती.

तेव्हा मी निर्णयाचे दोन भाग केले. आधी फाइली वाचवायच्या. यंत्र राहो वा जावो, त्याला थांबून चालणार नव्हते. मग यंत्राची परीक्षा, माझ्या रोजच्या कामांवर.

फोंड्याला लॅपटॉप दुरुस्त करणारा एक तरुण आहे, माझ्या शाळेचाच विद्यार्थी. त्याने टकटक ऐकली आणि म्हणाला, "मास्तर, आता हा परत चालू करू नका. प्रत्येक वेळी थोडं थोडं जाणार." त्याने डिस्क काढली, बाहेरून जोडली आणि क्लोनझिला नावाच्या मोफत साधनाने ती जशीच्या तशी ४८० जीबीच्या नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, उतरवायला घेतली. वाचता न येणारे भाग वगळून पुढे जाण्याची सोय त्यात आहे, तीच वापरावी लागली. पाच तास लागले. शेवटी कळले की डिस्कवरचे अकरा सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे छोटे कप्पे, वाचता आलेले नाहीत. अकरा सेक्टर म्हणजे साडेपाच हजार बाइट, ऐकायला नगण्य. पण ते एका संगीत नाटकाच्या फाइलीत होते आणि त्याच्या तिसऱ्या अंकाची आठ पाने उघडेनात. ती वही २००९ च्या पावसाळ्यात गेली होती.

मी या फाइलींच्या प्रती डीव्हीडींवर करून ठेवल्या होत्या. त्या काढून पाहिल्या तर चौदांपैकी पाच डीव्हीडींवर बुरशीची नक्षी उमटलेली होती आणि हे नाटक त्या पाचांतल्या एकीवर होते. आमच्या हवेत कागदाला जे होते ते डीव्हीडीलाही होते, हे मला माहीत असायला हवे होते. त्या संध्याकाळी मी फार अस्वस्थ होतो. पुढे चवथीच्या सुमारास त्या नाटकाच्या प्रॉम्प्टरच्या घरी छापलेली एक प्रत मिळाली, अर्धी तेलकट झालेली, पण तिसरा अंक शाबूत असलेली. तोवरचे दोन महिने मात्र ती आठ पाने गेली असेच मी धरून चाललो होतो. ज्यांच्याकडे जुने यंत्र आहे त्यांनी ते ठेवावे की टाकावे, हा विचार करण्याआधी त्यातले सगळे आजच दुसरीकडे उतरवून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत झाल्यावर परीक्षेची वेळ आली. भाच्याने एका पेन ड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२ या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती घालून दिली. ही प्रणाली आत काहीही न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, त्यामुळे डिस्क काढलेल्या अवस्थेतच मी लॅपटॉप आठ दिवस वापरला. ज्याला खात्री नाही त्याने हे आठ दिवस जरूर द्यावेत. वायफाय, आवाज, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, सगळे पहिल्या दिवशीच चालले. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक यादीतून निवडला आणि बोटे आपोआप जागेवर गेली. या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळत राहणार आहेत, हे भाच्याने मुद्दाम सांगितले.

आठ दिवसांनंतर यंत्र उघडायचे ठरवले. फोंड्याच्या त्या दुकानात मी शेजारी बसून सगळे पाहिले आणि या मॉडेलविषयी माझे मत तिथेच बनत गेले. बॅटरी दोन खिट्ट्या सरकवून निघते. तळाचे झाकण स्क्रू सैल केले की निघते आणि खाली रॅमची एक जागा दिसते. दुसरी जागा कळफलकाखाली आहे. कळफलक दोन स्क्रू काढून थोडा सरकवला की पुस्तकाच्या पानासारखा उचलला जातो. कोणते स्क्रू कशाचे, याची चित्रे तळाशी कोरलेली आहेत. कुठेही गोंद नाही, कुठेही तोडातोडी नाही. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर होता आणि प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी कोरडी पडली होती. ती पुसून नवी लावली. घड्याळ चालवणारा छोटा सेल संपला होता. गेली दोन वर्षे सुरू करताना तारीख-वेळ तपासा असे सांगणारा ०२७१ हा क्रमांक दिसायचा तो त्यामुळेच. वायर लावलेला तो सेल दीडशे रुपयांना मिळाला आणि तो क्रमांक गेला.

मुख्य जागेत २४० जीबीची नवी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स घातले. रॅमची एक ८ जीबीची वापरलेली पट्टी मिळाली. जुन्या ४ शी मिळून १२ झाली. राहिला प्रश्न पेजमेकरचा, आणि त्याचे उत्तर या यंत्राच्या बांधणीतच होते. डीव्हीडीचा खण एका कळीने बाहेर ओढता येतो आणि त्या जागी डिस्क बसवायची चौकट, जिला दुकानदार कॅडी म्हणतात, घालता येते. ज्या एसएसडीवर जुनी डिस्क उतरवली होती ती आम्ही त्या खणात बसवली. आता सुरू करताना एफ१२ दाबून कोणत्या डिस्कवरून चालायचे ते निवडतो. एरवी लिनक्स, जुनी फाइल पाहायची असेल तेव्हा विंडोज ७, पेजमेकर आणि डोंगल, जसेच्या तसे. ३२ बिट असल्यामुळे विंडोज ७ ला १२ पैकी ४ जीबीपेक्षा कमीच रॅम वापरता येते, पण पेजमेकरला तेवढी पुष्कळ झाली. एकच पथ्य कडक पाळतो: विंडोज ७ चालू असताना वायफाय यंत्रावरच्या कळीने बंद असते. आधार संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडायची नाही.

बॅटरीच्या बाबतीत मात्र फसलो. मूळ बॅटरीची क्षमता ५६ वॉट-तासांची. माझ्या जुन्या बॅटरीत १७ उरले होते. एका दुकानातून १,४०० रुपयांना नवी घेतली. ती क्षमता पुरेपूर दाखवायची आणि चाळीस मिनिटांत एकदम बंद पडायची. परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. दुसरी, २,२०० रुपयांची, फोंड्याच्या मुलाने स्वतः तपासून दिली. तिच्यात ५१ वॉट-तास आहेत आणि लिहिण्याचे काम पावणेचार तास चालते. या मॉडेलसाठी मूळ बनावटीच्या ताज्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, दुसऱ्यांनी बनवलेल्यांवरच अवलंबून राहावे लागते, आणि त्यांत डावे-उजवे खूप आहे. जुने यंत्र ठेवण्यातली ही सर्वांत लंगडी बाजू. आणि आमच्याकडे बॅटरीशिवाय चालत नाही. पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाऊन येते; पूर्वी टेबलावरचा संगणक होता तेव्हा अर्धे पान लिहून झाले की अंधार आणि पुन्हा पहिल्यापासून, हे मी वर्षानुवर्षे सोसले आहे.

सगळा खर्च मांडतो: दोन एसएसडी ४,३००, रॅम ९००, वाया गेलेली आणि चांगली अशा दोन बॅटऱ्या ३,६००, कॅडी ३५०, सफाई आणि पेस्ट ५००, सेल १५०. एकूण ९,८०० रुपये.

आता ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तो कसा चालला ते. सुरू व्हायला चौतीस सेकंद लागतात. लिबरऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दीडशे पानांची संहिता उघडून शेवटच्या पानावर जाताना कुठेही अडत नाही. लेखन, ईमेल, वर्तमानपत्रे, बँक, सरकारी संकेतस्थळे यांत हा लॅपटॉप चौदा वर्षांचा आहे हे जाणवत नाही, आणि नव्याचे नऊ दिवस सरल्यावरही माझे हे मत बदललेले नाही. शेजाऱ्यांकडून वीज मोजायचे छोटे यंत्र आणून पाहिले: लिहिताना सरासरी १४ वॉट, म्हणजे रोज सहा तास धरले तरी महिन्याला अडीच युनिट. माझा २०१० च्या सुमाराचा स्कॅनर भाच्याच्या कार्यालयातल्या नव्या विंडोजवर ओळखला गेला नव्हता. लिनक्सवर तो जोडताक्षणी चालला. प्रॉम्प्टरकडची ती तेलकट पाने त्यावरच स्कॅन केली आणि टेसेरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या साधनाच्या मराठी ओळखीने त्यांतला बराचसा मजकूर उचलला. छापील मजकुरापुरतेच हे खरे. हस्तलिखित वही त्याला वाचता येत नाही. ती हातानेच उतरवावी लागते.

जिथे वय जाणवते तिथे ते लपत नाही. मुलगी परदेशात आहे; तिच्याशी व्हिडिओवर बोलताना पंखा पूर्ण वेगाने फिरतो. सफाईआधी अशा वेळी तापमान ९४ अंशांवर जाई, आता ७८ वर थांबते, तरी तळाला हात लावला की चटका जाणवतो. कारण साधे आहे. आजचे व्हिडिओ बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी येतात आणि या प्रोसेसरमधल्या चित्रविभागाला त्यांची उकल करता येत नाही, त्याला एच.२६४ सारख्या जुन्या पद्धतीच तेवढ्या ठाऊक आहेत. बाकीचा सगळा भार दोन कोअरवर पडतो. यूट्यूबला एच.२६४ मध्येच व्हिडिओ द्यायला लावणारे एक छोटे जोडसाधन ब्राउझरमध्ये घातले, तेव्हा तिथला प्रश्न सुटला, पण मुलीशी मी आता फोनवरच बोलतो. यूएसबी सगळे जुन्या, २.० पद्धतीचे आहेत. शंभर जीबीच्या स्कॅन केलेल्या पानांची प्रत बाहेरच्या डिस्कवर करायला जवळजवळ तास लागतो. आणि यंत्राच्या मूळ फर्मवेअरला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरला, आता नव्या सुधारणा येत नाहीत, ही उणीव प्रणाली बदलून भरून निघत नाही. ज्याच्या संगणकावर इतरांची गोपनीय माहिती असते, त्याने हे मनात ठेवावे.

पडद्याविषयी थोडे जास्त लिहितो, कारण मराठी मुद्रिते तपासणाऱ्याला तो प्रश्न इंग्रजीवाल्यापेक्षा अधिक भेडसावतो. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, अनुस्वार, मात्रा आणि खाली उकार, ऋकार असा तीन मजल्यांचा कारभार असतो. ७६८ पिक्सेलच्या उंचीत नेहमीच्या आकाराचे अक्षर ठेवले तर 'र्' आणि अनुस्वार एकत्र आले की तो ठिपका की डाग, ते समजत नाही. पडदा तिरपा झाला की रंग फिके पडतात तेही आहेच. मी जुन्या शाळासोबत्याकडून एक २२ इंची मॉनिटर आणला आणि तपासणीचे काम त्यावर करतो. ज्याला केवळ लॅपटॉपच्या पडद्यावर दिवसभर मराठी वाचायचे आहे, त्याला हे मॉडेल ठेव असे मी सांगणार नाही.

मुख्य काम अजून चालूच आहे: जुन्या फॉन्टमधली एकसष्ट नाटके युनिकोडमध्ये आणणे. पेजमेकरची फाइल लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडते, पण मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ म्हणून दिसतो, कारण त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. शिवाय ते तुकडे दिसतात त्या क्रमाने टंकलेले आहेत. 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क'; युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी. 'कर्म' मध्ये रफार जुन्या फॉन्टमध्ये 'म' नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' हा 'म' च्या आधी. रूपांतर करणारी साधने यातले बरेच सांभाळतात. पण एका ऐतिहासिक नाटकात सह्याद्रीच्या 'दऱ्या' होत्या, त्या रूपांतरानंतर 'दर्या' झाल्या. आमच्या मुलखात दोन्ही शब्दांना अर्थ आहे, त्यामुळे शब्दतपासणी करणाऱ्या साधनाला चूक दिसत नाही. 'ऱ्य' मधला तो आडवा 'र' मी शिफ्ट धरून 'जे' ची कळ दाबून, एकेका ठिकाणी हाताने दुरुस्त करतो, आणि मूळ शब्द कोणता होता याची शंका आली की लॅपटॉप बंद करून एफ१२ दाबतो आणि पेजमेकरमधले मूळ पान उघडून पाहतो. ते पान जसे २००५ मध्ये मांडले होते तसेच, त्याच अक्षरांत, समोर येते. ही सोय मला ४३,००० रुपयांच्या यंत्राने दिली नसती.

म्हणून मी टी४२० ठेवला. भाच्याला माझे म्हणणे पटले आहे, पण त्याने एक भर घातली आणि ती रास्त आहे: प्रत्येक जुन्या यंत्राला हा न्याय लावू नकोस. ऑक्टोबरमध्ये बाणस्तारीचे एक मित्र त्यांचा २००८ चा लॅपटॉप घेऊन आले होते. त्यात २ जीबी रॅम, ४ पर्यंतच वाढणारी, बिजागरी तुटलेली आणि चार्जर जोडायची जागा सैल. दुरुस्तीला पाच हजार सांगितले होते. एक ब्राउझर उघडला की तो थांबत होता. मी त्यांना त्यातली डिस्क काढून घ्यायला आणि बाकीचे ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यायला सांगितले. ६४ बिट प्रोसेसर, ८ जीबीपर्यंत नेता येईल अशी रॅम, बदलता येणारी डिस्क आणि शाबूत बिजागऱ्या, एवढे असेल तर पेन ड्राइव्हवरून आठ दिवस चालवून पाहावे. यांतले एक जरी नसेल, किंवा काम चित्रफितींचे असेल, तर खर्च करू नये. आणि ठेवायचे असेल तर वापरात ठेवावे. माझा अनुभव आहे की पावसाळ्यात रोज दोन-चार तास चालणारे यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते. कपाटात जपून ठेवलेले यंत्र सप्टेंबरमध्ये उघडले की कळांखाली बुरशी सापडते.

हे लिहीत असताना डिसेंबर चालू आहे आणि जत्रांचे दिवस सुरू झाले आहेत. एकसष्टांपैकी अडतीस संहिता युनिकोडमध्ये आल्या. त्यांच्या प्रती भाच्याकडे, मुलीकडे आणि दोन मंडळांकडे दिल्या आहेत. तिसरा अंक परत मिळालेले ते संगीत नाटक त्यांत पहिले. उरलेल्या तेवीस नाटकांना, दर नाटकाला साधारण चार संध्याकाळी या हिशेबाने, होळीपर्यंतचा वेळ लागेल. मग विंडोज ७ ची डिस्क कॅडीतून काढून, डोंगलसह, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवायची आणि डीव्हीडीचा खण पुन्हा त्याच्या जागी बसवायचा, कारण बुरशी न लागलेल्या त्या नऊ डीव्हीडींवर काय काय आहे तेही एकदा नीट पाहायचे आहे.